धाकटीचं काय, ते लिहा

मुलांच्या वाढदिवसाचं निमंत्रण हल्ली फोनवर येतं आणि त्यात सगळं असतं. उड्या मारणारा डायनासोर, उत्सवमूर्तीचा फोटो, जागेचा नकाशा, चार ते सहा अशी वेळ. नसतं ते एवढंच, की बोलावलंय कोणाला. ‘नक्की यायचं हं!’ यावर काम भागवलेलं असतं. यायचं कोणी? पहिलीतल्या शौनकनं? की शौनकनं आणि त्याच्या चार वर्षांच्या बहिणीनं? की सगळ्या घरानं? मेसेज आलेला असतो आईच्या फोनवर, त्यामुळे कोडंही तिनंच सोडवायचं. विचारलं तर ‘हिला धाकटीलाही घुसवायचंय’ असं समोरच्याला वाटणार. न विचारता नेली तर आगाऊपणा. नेली नाही, तर शनिवारी दुपारी तिला ठेवायचं कोणाकडे?

या कोड्याचा दोष मी येणाऱ्या आईला देत नाही. बोलावणाऱ्यांना देते. भावंडांना बोलावलंय की नाही, हे सांगणं ही यजमानाची जबाबदारी आहे आणि ती आपण सर्रास टाळतो. टाळतो, कारण ‘फक्त तुमच्या मुलाला पाठवा’ असं लिहिलं तर लोक आपल्याला कंजूष म्हणतील अशी धास्ती असते. मग आपण मोघम लिहितो आणि समोरचे समजून घेतील अशी आशा धरतो. समोरचे आपापल्या परीनं समजून घेतात. कोणी एकाला आणतं, कोणी तिघांना. आणि या मोघमपणाची किंमत शेवटी दारात उभं राहून चुकवतं ते एखादं चार वर्षांचं मूल.

ते दार मी अनेकदा पाहिलंय. उड्या मारायच्या जाळ्या, घसरगुंड्या आणि रंगीत चेंडूंचा हौद असलेला प्ले झोन. काउंटरवरची मुलगी यादी समोर ठेवून मुलांच्या मनगटाला कागदी पट्टे बांधतेय. थोरल्याच्या हाताला पट्टा लागतो आणि तो आत पळतो. धाकटीनं तोवर आपले आपण बूट काढलेले असतात, मोजा ओढून नीट केलेला असतो आणि हात पुढे केलेला असतो. काउंटरवरची मुलगी यादीकडे बघते, मग यजमान आईकडे बघते. यजमान आई जरा थांबते. मनातल्या मनात हिशेब चालू असतो, आणि तो तिच्या चेहऱ्यावर दिसतो. धाकटीला यादी कळत नाही, पण बोलणं आपल्याबद्दल चाललंय हे पक्कं कळतं. हात हळूच खाली जातो. मग तिची आई घाईघाईनं म्हणते, ‘राहू द्या हो, ती नुसती बघत बसेल.’ आणि पुढचे दोन तास ते मूल जाळीच्या बाहेरून भावाला उड्या मारताना बघत बसतं.

हे थांबवायला हवं, आणि ते निमंत्रण लिहितानाच थांबवता येतं.

यजमानाची अडचण मी नाकारत नाही. घरच्या बैठकीत सतरंजी घालून वाढदिवस व्हायचा तेव्हा दोन मुलं जास्त आली तर वेफर्सची आणखी एक पिशवी फुटायची, केकचे तुकडे जरा बारीक व्हायचे. आता बहुतेक ठिकाणी हिशेब डोक्यामागे असतो. प्रवेश डोक्यामागे, ताट डोक्यामागे, खालून रबर लावलेले मोजे जोडीमागे, परत जाताना द्यायची भेटही मुलामागे. समजा एका मुलाचे सातशे रुपये धरले आणि वीस पाहुण्यांपैकी आठ जण एकेक भावंड घेऊन आले, तर पाच हजार सहाशे रुपये वाढले. पगारावर चालणाऱ्या घराला हा आकडा जड आहे. त्यामुळे ‘या वेळी फक्त वर्गातली मुलं’ असं ठरवण्याचा यजमानाला पूर्ण अधिकार आहे. ज्यानं ठरवलं त्याच्याकडे कोत्या मनाचा म्हणून बघू नये. फक्त ठरवलंत तर लिहा. आडून सुचवू नका, शनिवारी दारात सांगू नका. आठ दिवस आधी, मुलाचं नाव घेऊन लिहा.

असं स्पष्ट सांगणं आपल्याकडे नवं नाही. गावाकडे जेवणाचं आवतण द्यायला आलेला माणूस उंबऱ्यातच सांगून मोकळा व्हायचा: घरटी एक माणूस पाठवा, किंवा आज तुमची चूल बंद. घरटी एक म्हटल्यावर कोणी रुसायचं नाही. कार्य केवढं, घरची ऐपत किती, हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि तसं सांगण्यात कमीपणा नव्हता. लग्नपत्रिकेच्या पाकिटावरही ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहायचं की नुसतं नाव, हे ठरवूनच लेखणी उचलली जायची. आणि पत्रिकेच्या तळाशी ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ या ओळीखाली घरातल्या झाडून सगळ्या चिल्ल्यापिल्ल्यांची नावं असायची, अगदी पाळण्यातल्या बाळाचंसुद्धा. एकही भावंड गळणार नाही याची काळजी घेणारं कोणीतरी घरात असायचं. तोंडी निमंत्रणाला तर चेहरा आणि आवाज होता. ‘सगळ्यांनी यायचं’ हे मनापासून आहे की रीत म्हणून, ते ऐकताक्षणी समजायचं. फोनवरच्या डायनासोरला आवाज नाही. त्यामुळे तिथं शब्दच पुरेसे असायला हवेत.

खरी गाठ मात्र यादीत नाही, दुसऱ्याच ठिकाणी आहे: आईनं थांबायचं की मुलाला सोडून जायचं? पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसोबत पालक थांबतात. मूल अनोळखी जागी रडतं, त्याला बाथरूमला न्यावं लागतं, भरवावंही लागतं. आता ज्या आईला दोन मुलं आहेत ती दोन तास तुमच्या पार्टीत थांबणार असेल, तर तिचं दुसरं मूल असणार कुठे? आजी-आजोबा गावी, नवरा कामावर, शेजार बंद दाराआडचा. ते मूल तिच्या कडेवरच असणार. म्हणजे लहान मुलांच्या पार्टीला ‘पालकांनी थांबावं’ अशी अपेक्षा असेल, तर भावंड त्यात आपोआप आलंच. ते धरूनच खर्च मांडा. तो झेपत नसेल तर बोलावणी कमी करा. वीसऐवजी बारा मुलं बोलवा, पण त्या बारा घरांना पेचात टाकू नका. मुलं सात-आठ वर्षांची झाली की चित्र बदलतं. तेव्हा मुलाला दारात सोडायचं आणि ठरल्या वेळी न्यायला यायचं. तिथं भावंडानं येण्याचं कारण नाही, आणि तसं लिहिलं तर कोणाची गैरसोयही होत नाही. आईला उलट दोन तास मोकळे मिळतात.

एकुलत्या एक मुलाच्या आईबापांच्या हे पटकन लक्षात येत नाही. दुष्टपणा नसतो त्यात, सवय नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं की महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी मुलांचं प्रमाण १९९२-९३ मध्ये २.९ होतं, ते २०१९-२१ मध्ये १.७ वर आलं. शहरी इमारतींत एकेकट्या मुलांची घरं मजल्यागणिक आहेत. त्या घरात ‘एकाला पाठवा’ म्हणजे सगळ्यांनाच बोलावल्यासारखं होतं, मागे कोणी उरतच नाही. दोन मुलांच्या घरी त्याच वाक्यानं एकाला नवे कपडे घातले जातात आणि दुसरं ‘मी कुठे जायचं?’ विचारत दरवाज्यापर्यंत येतं. याची दुसरी बाजूही बघा: भावंडंच कमी झालीत, तर सगळ्यांना बोलावल्यानं वाढून वाढणार किती? वर्गाच्या गटात एकदा विचारून बघा. आकडा तुमच्या धास्तीपेक्षा लहान निघण्याची शक्यता बरीच आहे.

लिहायचं काय, ते अवघड नाही. ‘शनिवारी चार ते सहा ईराच्या वाढदिवसाला शौनकला नक्की पाठवा. जागा मोजकी आहे, म्हणून या वेळी वर्गातल्याच मुलांना बोलावलंय. तुम्ही सोडून गेलात तरी चालेल, आम्ही मोठी माणसं पुरेशी आहोत. सहाला न्यायला या.’ संपलं. यात कोणाचा अपमान नाही. किंवा, ‘शौनक आणि त्याची बहीण दोघांनाही घेऊन या, तुम्हीही चहाला थांबा.’ शक्य असेल तिथं बहिणीचं नाव विचारून घ्या आणि ते लिहा. ‘शौनक मम्मी’ असं फोनमध्ये साठवलेल्या बाईचं स्वतःचं नाव काय, हेही त्या निमित्तानं विचारता येईल.

आता पाहुण्यांकडे वळू, कारण सगळं माप यजमानाच्याच पदरात घालणं बरोबर नाही. नाव घालून एकालाच बोलावलं असेल, तर एकालाच पाठवा. ‘लहान आहे, काय खाणार ती?’ हे चालणार नाही. ती खेळणार आहे, तिला पट्टा लागणार आहे, आणि परत जाताना भावाच्या हातातली पिशवी बघून तिलाही पिशवी हवी होणार आहे. ‘घरी पाहुणे आलेत, त्यांचीही दोघं आणली’ हे तर अजिबात नको. आणि थोरलं भावंड सोबतीला आणलं असेल तर त्याला आवरा. चार वर्षांच्या मुलांच्या संगीतखुर्चीत अकरा वर्षांचा दादा जिंकून बक्षीस घेऊन जातो आणि आई कौतुकानं फोटो काढते, हे मी पाहिलंय. त्या बक्षिसासाठी रडणाऱ्या मुलांना समजावत यजमान बाई उरलेली संध्याकाळ काढते.

‘धाकटीलाही आणू का?’ असं विचारणंही बरं नाही. समोरच्याला नाही म्हणताच येत नाही. आपली अडचण सांगा, मागणी करू नका. ‘शनिवारी धाकटी माझ्याकडेच असते, म्हणून मी शौनकला दारात सोडून तिला घेऊन जाते आणि सहाला परत येते. चालेल ना?’ असं कळवलं की निर्णय यजमानाच्या हाती राहतो. जमत असेल तर ती लगेच म्हणेल, ‘अहो, असं काय करता, तिलाही आणा.’ नसेल जमत तर म्हणेल, ‘चालेल, काळजी करू नका.’ दोन्ही उत्तरांत कोणाची मान खाली जात नाही. आणि धाकटीला त्या दोन तासांत बागेत न्या, आजीला व्हिडिओ कॉल लावून द्या, पोह्यांचा बेत करा. प्रत्येक ठिकाणी आपल्यालाही बोलावणं असतंच असं नाही, हे भावंडांनी घरात शिकायचं असतं, आणि ते शिकवणं आईबापांचं काम आहे. दादाचे मित्र दादाचे असतात.

तरीही एक मूल दारात आलंच, तर? तर ते आत येईल. इथं मला दुसरं मत मान्य नाही. मोठ्यांकडून काय चुकलं, कोणी वाचलं नाही, कोणी मुद्दाम केलं, हे नंतर बघा किंवा सोडून द्या. बूट काढून उभ्या असलेल्या मुलाला बाहेर बसवायचं नाही, आणि आत घेऊन केकचा तुकडा देताना हात आखडता घ्यायचा नाही. पंक्तिप्रपंच मोठ्यांच्या जेवणातही वाईट, मुलांच्या पार्टीत तर त्याची लाजच वाटायला हवी.

जुळ्यांच्या बाबतीत तर मी नियमाला फाटा देईन. काही शाळा जुळ्यांना मुद्दाम वेगवेगळ्या तुकड्यांत बसवतात, दोघांची ओळख स्वतंत्र व्हावी म्हणून. शाळेचं ते बरोबर आहे. पण ‘अ’ तुकडीतल्या वाढदिवसाला ‘अ’मधली एकटी जाते आणि ‘ब’मधली तिची जुळी घरी राहते, तेव्हा पहिली दुसरीतल्या त्या मुलींना तुकडीचं कारण पुरत नाही. दोघींचं वय एक, खोली एक, वाढदिवसही एकाच दिवशी. दहा-बारा वर्षांच्या जुळ्यांचे मित्र खरोखर वेगळे झालेले असतात, तेव्हा एकालाच बोलवा, त्यांनाही तेच आवडतं. लहानपणी मात्र दोघींना बोलवा. भेट एकच आली तरी चालेल, तशी अपेक्षा ठेवा.

नियम जागेप्रमाणे बदलतो, हेही ओघानं आलं. वर्गमित्रांची पार्टी असेल तर मैत्री एकाशी आहे, बोलावणंही एकाला. पण इमारतीत, वाड्यात, गल्लीत जी मुलं रोज संध्याकाळी एकत्र खेळतात त्यांच्यातून एका घरातला थोरला निवडून धाकटा वगळता येत नाही. संध्याकाळी लपाछपीत तो धाकटा तुमच्याच मुलाचा गडी असतो. नात्यात तर निवडीचा प्रश्नच नको. चुलत, मामे, आते, मावस, घर जोडलेलं आहे तर त्या घरातली सगळी मुलं. दिराच्या दोन मुलांपैकी ‘आमच्या ईराच्या वयाची तेवढी’ बोलावलेली मी ऐकलीय आणि त्या जावांचा पुढचा गणपती एकमेकींशी न बोलता पार पडला, हेही ऐकलंय. त्यात मला नवल वाटलं नाही.

आणि ज्यांना हे मोजणंच नको असेल, त्यांनी मोजावं लागणार नाही असा कार्यक्रम करावा. त्याचा नमुना आपल्याच घरात आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण होतं. हलव्याचे दागिने घातलेलं बाळ पाटावर, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या, आता चॉकलेटंही. खाली सांडलेलं गोळा करायला आळीतली पोरं. कोण कोणाचं भावंड, कोणी विचारत नाही, कारण चुरमुरे माणशी मोजले जात नाहीत. थोरले दोन्ही हातांनी ओंजळी भरतात, धाकट्यांच्या फ्रॉकच्या ओच्यात कोणीतरी मावशी चार बोरं टाकते. वाढदिवसही असा होऊ शकतो. गच्चीवर, सोसायटीच्या बागेत, मोठ्या पातेल्यातली पावभाजी आणि एक ताटाएवढा केक. पार्टीचं दुकान सांगेल ती थीम राहते बाजूला, पण दारात यादी घेऊन उभं राहावं लागत नाही. प्ले झोनला जाऊ नका असं मी म्हणत नाही. मुलांना तिथं मनापासून मजा येते. तिथं मोजावं लागतं, हे मान्य करून जा.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी हे शिकून घेतलंय. तिथं निमंत्रणावर भावंडांनाही आणा की नको, हे पुष्कळदा सरळ छापलेलं असतं, आणि उड्या मारायच्या जागी तर प्रत्येक मुलासाठी आईबापानं सही केलेला कागद लागतो, त्याशिवाय जाळीवर पाय ठेवू देत नाहीत. तिथली मराठी घरं ते कसलाही राग न धरता पाळतात. तीच माणसं सुट्टीत पुण्याला आली की इथलं मोघम निमंत्रण वाचून बहिणीला फोन करून विचारतात, ‘म्हणजे नक्की किती जणांनी जायचं गं?’

ज्याचा वाढदिवस आहे त्याच्या स्वतःच्या भावंडाला मात्र आपण विसरतो. औक्षणाला दादा पाटावर बसला की धाकटी शेजारी दुसरा पाट ओढते. बसू द्या. तिलाही कुंकू लावा, तिच्याभोवतीही निरांजन फिरवा, कोणाचं काही कमी होत नाही. पण केक त्याचाच. तिच्यासाठी दुसरा छोटा केक आणून तिलाही फुंकर मारायला लावणं मला पसंत नाही. वर्षातला एक दिवस त्याचा असू द्या, तिचा दिवस येईलच. तिला काम द्या: आलेल्या मुलांच्या हातात टोप्या द्यायच्या, जाताना भेटीच्या पिशव्या द्यायच्या. पाच वर्षांची मुलगी हे काम फार जबाबदारीनं करते.

राहता राहिलं उत्तर. यजमानानं नाव घालून, वेळ घालून, थांबायचं की सोडायचं ते सांगून नीट लिहिलं, आणि पाहुण्यांनी नुसता अंगठा दाखवला, तर त्या अंगठ्याचा अर्थ काय लावायचा? वाचलं? येतो? दोघं येतो? दोन दिवसांत शब्दांत उत्तर द्या: कोण येणार, कोण थांबणार, न्यायला कोण येणार. येणार नसाल तर तेही. आणि यजमानांनी जागा ठरवताना दोन पट्टे आणि दोन भेटी जास्तीच्या धरून ठेवाव्यात. न वापरलेल्या पट्ट्यांचे पैसे लागतात का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं, आणि काउंटरवरच्या मुलीला सांगून ठेवावं की यादीत नसलेलं मूल आलं तर आधी पट्टा बांध, मग मला येऊन सांग.